रिमोट लॉगिनची परवानगी दिली, तरी दुसऱ्या दिवशी ती जाते कुठे?

सोमवारी सकाळी अकाउंट्समधल्या एकाचं नाव ऑफिसच्या पीसीवर 'रिमोट डेस्कटॉप युझर्स' ग्रुपमध्ये, म्हणजे दुसरीकडून या पीसीवर लॉगिन करू शकणाऱ्यांच्या यादीत, टाकलं. लॉगिन झालं, कामही झालं. मंगळवारी तोच माणूस डोंबिवलीहून लॉगिन करायला बसतो आणि पडद्यावर नकार येतो. नाव पुन्हा टाकलं की चालतं, बुधवारी पुन्हा बंद. मुंबईतल्या ऑफिसांना याचा सगळ्यात जास्त त्रास जुलैत होतो. सायन-कुर्ल्याच्या दरम्यान रुळांवर पाणी साचलं की निम्मं ऑफिस घरून काम करणार, आणि त्याच महिन्यात २० तारखेचं जीएसटीआर-३बी आणि ३१ जुलैचं आयकर विवरणपत्र दोन्ही डोक्यावर.

अशा वेळी रोज सकाळी नाव टाकत बसणं म्हणजे गळक्या छताखाली बादली बदलत राहणं. नाव आपोआप नाहीसं होत नाही, ते काहीतरी किंवा कुणीतरी काढत असतं. ते कोण, हे कळेपर्यंत तक्रार बंद करू नका.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ च्या प्रो, एंटरप्राइज आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर यांना लागू आहे. कमांड आणि मेनूची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा. होम आवृत्तीच्या पीसीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करता येतच नाही, तिथे परवानगी शोधण्यात वेळ घालवू नका.

नकाराचे शब्द नीट वाचा

"लॉगिन होत नाही" एवढ्या वाक्यावर काही शोधता येत नाही. युजरकडून पडद्याचा फोटो मागवा, कारण प्रत्येक नकाराचा अर्थ वेगळा आहे.

'नॉट ऑथराइज्ड फॉर रिमोट लॉगिन' किंवा 'यू नीड द राइट टू साइन इन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' असे शब्द असतील, तर नेटवर्क ठीक आहे, पासवर्डही ठीक आहे. मशीनने माणूस ओळखला, पण आत घ्यायचं नाही असं ठरवलं. हा लेख मुख्यतः याच नकाराबद्दल आहे. हे शब्द दिसत असताना राउटर रीस्टार्ट करणं किंवा फायरवॉल बंद करून बघणं व्यर्थ आहे.

'कान्ट कनेक्ट टू द रिमोट कॉम्प्युटर' असं म्हणून खाली तीन कारणं येत असतील, तर परवानगीपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. मशीन बंद आहे, झोपलं आहे, रिमोट डेस्कटॉप चालू केलेलं नाही किंवा पोर्ट ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा नेटवर्कवरचा दरवाजा, वाटेत कुठेतरी अडलं आहे.

'रिक्वेस्टेड सेशन ॲक्सेस इज डिनाइड' हा नकार बहुतेक वेळा आयकॉनमुळे येतो. कुणीतरी ॲडमिनसाठी बनवलेला शॉर्टकट सगळ्यांना वाटलेला असतो आणि त्यात 'एमएसटीएससी', म्हणजे रिमोट डेस्कटॉप उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावापुढे, '/ॲडमिन' लिहिलेलं असतं. साध्या युजरला त्या सेशनचा हक्क नसतो. शॉर्टकटमधून तेवढा शब्द काढला की काम झालं, परवानगीला हात लावायची गरज नाही.

'अकाउंट रिस्ट्रिक्शन' हे शब्द दिसले तर आधी बघा, त्या अकाउंटला पासवर्ड आहे का. विंडोजमध्ये मुळातच असं ठरलेलं असतं की कोरा पासवर्ड असलेलं लोकल, म्हणजे त्याच पीसीवर काढलेलं, अकाउंट फक्त समोर बसूनच वापरता येईल. पासवर्ड असेल तर लॉगिनच्या वेळेची मर्यादा तपासा. 'नेट युजर' पुढे अकाउंटचं नाव लिहिलं की 'लॉगऑन अवर्स अलाउड' ही ओळ दिसते.

'लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटी कॅनॉट बी कॉन्टॅक्टेड' हे वाचून लोक घाबरतात, पण मागे बऱ्याचदा साधं कारण असतं: पासवर्डची मुदत संपलेली असते किंवा 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा' ही खूण लागलेली असते. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे एनएलए, चालू असताना लॉगिनची खिडकी उघडण्याआधीच पासवर्ड तपासला जातो, त्यामुळे तो बदलायला जागाच मिळत नाही. ॲडमिनने पासवर्ड रीसेट करताना ती खूण काढून ठेवावी.

मशीन तेच आहे का? युजर तोच आहे का?

हे दोन प्रश्न फालतू वाटतात, म्हणून शेवटी विचारले जातात. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

छोट्या ऑफिसात लोक पीसीचा आयपी पत्ता पाठ करून ठेवतात: समजा १९२.१६८.१.२५. वीज जाऊन आली, राउटर रीस्टार्ट झाला आणि डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने, तो पत्ता शेजारच्या टेबलावरच्या पीसीला दिला, तर युजर भलत्याच मशीनचं दार ठोठावतो. दोन्ही मशीन एकाच डोमेनमध्ये, म्हणजे ज्यांची अकाउंटं आणि नियम एका सर्व्हरवर ठरतात अशा पीसींच्या गटात, असतील तर ते मशीन त्याला ओळखतं, पण त्याचं नाव तिथल्या ग्रुपमध्ये नसतं. नकार अगदी परवानगीचाच येतो आणि तुम्ही बरोबर मशीनवर सगळं बरोबर असताना डोकं खाजवत बसता. ज्या पीसीवर बाहेरून लॉगिन होतं त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. शंका आली तर 'पिंग -ए' पुढे पत्ता लिहून मशीनचं नाव पडताळा.

युजरची गोष्टही तशीच. घरच्या लॅपटॉपवर पूर्वी दुसऱ्याच नावाने लॉगिन केलेलं असतं आणि 'रिमेंबर मी'वर टिक असते. विंडोज तेच जुनं नाव गुपचूप पाठवत राहतं. घरच्या लॅपटॉपवर 'सीएमडीकी /लिस्ट' चालवा. यादीत 'टर्मएसआरव्ही/' ने सुरू होणारी नोंद दिसेल, तिच्यात कोणतं नाव साठवलं आहे ते बघा. चुकीचं असेल तर 'सीएमडीकी /डिलीट:टर्मएसआरव्ही/' पुढे मशीनचं नाव लिहून ती काढून टाका. पासवर्ड बदलल्यावर जुना साठवलेला पासवर्ड वारंवार पाठवला जाऊन अकाउंट लॉक होतं, ते दुखणंही इथेच बरं होतं.

नाव लिहिण्याची पद्धतही महत्त्वाची. लोकल अकाउंटसाठी नावाआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्या, किंवा पीसीचं नाव आणि उलटी रेघ. डोमेनच्या अकाउंटला डोमेनचं नाव लावा. नुसतं 'अकाउंट्स' असं लिहिलं तर विंडोज कोणतं अकाउंट समजेल याचा भरवसा नाही, कारण त्याच नावाची दोन अकाउंटं असणं मुळीच दुर्मीळ नाही.

ग्रुप वेगळा, हक्क वेगळा

आता मूळ रचना. बाहेरून लॉगिन करायला विंडोज एक 'हक्क' मागतं, त्याचं नाव 'अलाउ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस'. साध्या पीसीवर आणि डोमेनमधल्या साध्या सर्व्हरवर हा हक्क मुळात दोन ग्रुपना दिलेला असतो: 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' आणि 'रिमोट डेस्कटॉप युझर्स'. म्हणजे ग्रुपमध्ये नाव टाकून तुम्ही हक्क देत नाही, हक्क असलेल्या ग्रुपमध्ये माणूस बसवता. ग्रुपकडचा हक्कच कुणी काढून घेतला असेल, तर त्या ग्रुपमध्ये कितीही नावं टाका, उपयोग नाही.

म्हणून त्या पीसीवर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून दोन गोष्टी बघायच्या. पहिली, 'नेट लोकलग्रुप' पुढे अवतरण चिन्हांत ग्रुपचं पूर्ण नाव: सध्या आत कोण आहे ते कळेल. यादीत नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला, तर ते अकाउंट बहुधा डिलीट झालेलं आहे. आर्टिकलशिप सोडून गेलेला मुलगा परत आला आणि त्याच नावाने नवीन अकाउंट काढलं, तरी विंडोजच्या लेखी तो नवा माणूस असतो. जुना आकडा काढा, नवीन नाव टाका.

दुसरी, 'सेकपोल.एमएससी' उघडून लोकल पॉलिसीज, मग युजर राइट्स असाइनमेंट. तिथे वरच्या हक्काची ओळ उघडा. दोन्ही ग्रुप दिसायला हवेत. 'ॲड युजर' बटण राखाडी दिसत असेल, तर ही यादी या पीसीवर ठरतच नाही, डोमेनच्या ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लावल्या जाणाऱ्या नियमांतून, येते. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एनएलएसोबत आणखी एक हक्क लागतो आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो: 'ॲक्सेस धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क'. एनएलए युजरला आधी नेटवर्कवरून तपासतं, मग सेशन उघडतं. ऑडिटच्या तयारीत कुणी त्या यादीतून 'युझर्स' किंवा 'एव्हरीवन' काढून फक्त 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' ठेवलं असेल, तर साधा युजर पहिल्याच पायरीवर अडतो, मग तो योग्य ग्रुपमध्ये असो वा नसो.

नाव काढतं कोण?

हा या दुखण्याचा गाभा.

डोमेन असलेल्या ऑफिसात पहिला संशय 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स' या ग्रुप पॉलिसीवर घ्यावा. त्यात दोन चौकटी असतात आणि त्यांच्या नावांत जेमतेम दोन शब्दांचा फरक आहे. वरची 'मेंबर्स ऑफ धिस ग्रुप'. इथे लिहिलेली यादी म्हणजे शेवटचा शब्द: यादीत नसलेला प्रत्येक जण पॉलिसी लागू होताच ग्रुपमधून बाहेर. खालची 'धिस ग्रुप इज अ मेंबर ऑफ'. ही फक्त भर घालते, आधीच्या कुणाला हात लावत नाही. कुणीतरी सद्हेतूने वरच्या चौकटीत तीन नावं लिहून ठेवलेली असतात, आणि चौथा माणूस पीसीवर थेट टाकला की पॉलिसी त्याला इमानेइतबारे बाहेर काढते. पॉलिसी बिघडलेली नाही, तिला दिलेलं काम ती करते आहे.

वेळेचं गणितही समजून घ्या, कारण त्याच्यामुळेच "कधी चालतं, कधी नाही" असा भास होतो. पीसी दर ९० मिनिटांनी, त्यात ० ते ३० मिनिटांची आपोआप भर पडून, डोमेनकडे पॉलिसी विचारतो. पण सुरक्षेच्या सेटिंग्ज, ज्यात रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स येतात, पॉलिसीत बदल झाला नसेल तर प्रत्येक वेळी नव्याने लादल्या जात नाहीत. त्या बदल नसतानाही १६ तासांतून एकदा पुन्हा लागू होतात. ते १६ तास मागच्या वेळेपासून मोजले जातात, तुम्ही नाव टाकल्यापासून नाही. त्यामुळे नाव कधी तासाभरात जातं, कधी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकतं. कुणी मध्येच 'जीपीअपडेट /फोर्स' चालवलं तर त्याच मिनिटाला जातं.

नाव दर दोन तासांच्या आतच जात असेल, तर संशयित दुसरा: ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधलं 'लोकल युझर्स अँड ग्रुप्स'. प्रेफरन्सेस दर रिफ्रेशला पुन्हा लिहिल्या जातात. तिथे 'डिलीट ऑल मेंबर युझर्स' किंवा 'डिलीट ऑल मेंबर ग्रुप्स' यावर टिक असेल तर चोर सापडला.

लॅपटॉप इंट्यूनमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या व्यवस्थापन सेवेतून, सांभाळले जात असतील, तर अकाउंट प्रोटेक्शनखाली 'लोकल युजर ग्रुप मेंबरशिप' बघा. त्यात 'रिप्लेस' निवडलेलं असेल तर परिणाम वरच्यासारखाच, फक्त मशीन साधारण दर ८ तासांनी विचारणा करतं, म्हणून चक्र वेगळं दिसतं. आणि क्लासेसच्या किंवा ट्रेनिंगच्या लॅबमध्ये रीबूट झाल्यावर पीसी मूळ अवस्थेत नेणारं सॉफ्टवेअर असतं. तिथे नाव टाकण्याआधी ते सॉफ्टवेअर उघडून बदल कायम करावा लागतो.

अंदाजावर थांबू नका, पुरावा मिळतो. त्या पीसीवर ॲडमिन म्हणून 'जीपीरिझल्ट /एच' पुढे फाइलचा पत्ता देऊन अहवाल काढा. साध्या युजर म्हणून चालवलं तर अहवालात कॉम्प्युटरचा भाग येत नाही आणि नेमका तोच हवा असतो. अहवालात रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स, युजर राइट्स असाइनमेंट आणि प्रेफरन्सेस हे तीन भाग वाचा. प्रत्येक सेटिंगसमोर 'विनिंग जीपीओ' (जिंकणारी ग्रुप पॉलिसी) म्हणून त्या पॉलिसीचं नाव असतं. 'आरएसओपी.एमएससी' वर विसंबू नका, त्यात प्रेफरन्सेस दिसत नाहीत.

दुसरा पुरावा विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या घटनांच्या नोंदवहीत. लोकल ग्रुपमध्ये कुणाला टाकलं की घटना क्रमांक ४७३२ नोंदला जातो, काढलं की ४७३३. नोंदीत 'सब्जेक्ट' खाली काढणाऱ्याचं नाव असतं. तिथे 'सिस्टिम' किंवा डॉलर चिन्ह लागलेलं पीसीचंच नाव असेल, तर हे काम पॉलिसीचं किंवा एखाद्या स्क्रिप्टचं. माणसाचं नाव असेल तर त्या माणसाशी बोला. दोन ॲडमिन एकमेकांचं काम नकळत पुसत असतात, आणि दोघांचं आपापल्या जागी बरोबर असतं. सिक्युरिटी लॉगचा आकार सहसा २० एमबी ठेवलेला असतो आणि तो भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. नाव गेल्याचं कळताच लॉग बघा, आठवड्याने नाही.

दुरुस्ती कुठे करायची

पीसीवर नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या अकाउंटं-ग्रुपांच्या नोंदवहीत, एक ग्लोबल सिक्युरिटी ग्रुप काढा, समजा 'आरडीपी-अकाउंट्स'. ज्या पीसींवर लॉगिन द्यायचं त्यांच्या ओयूला (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या त्यांच्या विभागाला) लागणाऱ्या पॉलिसीत, रिस्ट्रिक्टेड ग्रुप्सखाली, हा ग्रुप जोडा आणि खालच्या चौकटीत 'रिमोट डेस्कटॉप युझर्स' लिहा. जुन्या पॉलिसीच्या वरच्या चौकटीत नावांची यादी असेल, तर ती नावं आधी नव्या ग्रुपमध्ये घ्या आणि मगच ती यादी काढा. उलट क्रमाने केलंत तर मधल्या वेळेत सगळेच बाहेर. यापुढे माणूस आला-गेला की फक्त ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या ग्रुपमध्ये बदल करायचा, पॉलिसीला किंवा पीसीला हात लावायचा नाही.

सध्याचं वरच्या चौकटीचं बंधन मुद्दाम ठेवलेलं असेल, म्हणजे यादीबाहेरचा माणूस आत असूच नये असं धोरण असेल, तर ते मोडू नका. मग 'आरडीपी-अकाउंट्स' हा ग्रुप त्या यादीतच टाका. कडक धोरण चांगलंच आहे, फक्त त्यात व्यक्तींची नावं नकोत.

इथे एक चूक फार होते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत 'बिल्टइन' या फोल्डरात 'रिमोट डेस्कटॉप युझर्स' नावाचा ग्रुप आधीच असतो. नाव तेच, म्हणून लोक त्यात माणसं भरतात आणि सगळ्या पीसींवर परवानगी मिळेल असं समजतात. तो ग्रुप फक्त डोमेन कंट्रोलरसाठी, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरसाठी, आहे, इतर पीसींवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. आणि डोमेन कंट्रोलरवर बाहेरून लॉगिनचा हक्क मुळात फक्त 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'ना असल्यामुळे तिथेही त्याने काही साध्य होत नाही. एकच सर्व्हर असलेल्या ऑफिसात टॅली डोमेन कंट्रोलरवरच बसवलेली असते आणि मग सगळ्या स्टाफला तिथे लॉगिन हवं असतं. तो हक्क देऊ नका. टॅली दुसऱ्या मशीनवर हलवा, एक चांगला पीसीही चालतो. डोमेन कंट्रोलर म्हणजे ऑफिसच्या सगळ्या किल्ल्यांची पेटी, तिच्यावर व्हाउचर एंट्री होऊ नये.

युजर राइट्स असाइनमेंटच्या यादीलाही हाच नियम लागतो: दोन पॉलिसींतल्या याद्या एकत्र होत नाहीत, जिंकणाऱ्या पॉलिसीची यादी पूर्णपणे बसते. 'सेकपोल'मध्ये बटण राखाडी होतं ना? अहवालातली विनिंग जीपीओ उघडा आणि तिथल्या यादीत 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'सोबत 'रिमोट डेस्कटॉप युझर्स' लिहा.

ग्रुपमध्ये नाव टाकल्यावर लगेच चाललं नाही तर घाई करू नका. डोमेन कंट्रोलर दोन असतील, एक फोर्टला आणि एक ठाण्याच्या शाखेत, तर बदल दुसऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. युजरने अर्धवट सोडलेलं जुनं सेशन असेल तर ते 'क्विन्स्टा'ने शोधून 'लॉगऑफ' पुढे सेशनचा क्रमांक देऊन संपवा. नुसतं डिस्कनेक्ट केलेल्या सेशनमध्ये जुन्याच ग्रुपांची यादी राहते. आत शिरल्यावर 'हूअ‍ॅमआय /ग्रुप्स' चालवलं की विंडोज त्या युजरला कोणकोणत्या ग्रुपांत धरतं ते समोर येतं.

'डीनाय' सगळ्यांवर मात करतो

'अलाउ'च्या जोडीला 'डीनाय लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' अशीही एक ओळ आहे. युजर दोन्ही याद्यांत बसत असेल तर नकार जिंकतो, तो ॲडमिन असला तरी. सर्व्हरसाठी सुरक्षेचा तयार साचा लावला की या यादीत 'लोकल अकाउंट' हे नाव येतं आणि त्या मशीनवरचं प्रत्येक लोकल अकाउंट बाहेर पडतं. डोमेनच्या अकाउंटने लॉगिन होतं, लोकलने होत नाही, असं चित्र दिसलं की थेट इथे या. लोकल अकाउंट खरोखर हवंच आहे का, हा प्रश्न आधी विचारा. बहुतेक वेळा डोमेनचं अकाउंट देणं बरं.

या यादीत 'एव्हरीवन' किंवा 'डोमेन युझर्स' कधीही लिहू नका. स्वतःलाही कोंडून घ्याल आणि मग पाणी ओसरल्यावर गाडी पकडून मशीनसमोर जाऊन बसावं लागेल.

डोमेन नसलेली छोटी ऑफिसं

मशीद बंदरची पेढी किंवा दादरमधलं चार-पाच पीसींचं सीए ऑफिस. इथे पॉलिसी नाव काढत नाही, कारणं साधी असतात. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरलं जातं आणि युजरला फक्त पिन आठवतो. रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो. पीसीवर 'फक्त विंडोज हॅलोनेच साइन इन' हा पर्याय चालू असेल तर त्या पीसीने पासवर्ड कधी पाहिलेलाच नसतो. तो पर्याय बंद करून एकदा समोर बसून पासवर्डने साइन इन करा, मग बाहेरून होतं.

कंपनीच्या क्लाउड अकाउंटने, म्हणजे एन्ट्रा आयडीने जोडलेला पीसी असेल तर युजर निवडायच्या खिडकीत ते नाव बऱ्याचदा सापडत नाही. कमांडने टाका: 'नेट लोकलग्रुप', अवतरण चिन्हांत ग्रुपचं नाव, '/ॲड', आणि पुढे 'अझुरएडी', उलटी तिरकी रेघ, मग पूर्ण ईमेल पत्ता.

साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. घरून एक जण शिरला की ऑफिसात बसलेल्याचा पडदा लॉक होतो. यात परवानगीचा दोष नाही आणि परवानगी वाढवून ते बदलणारही नाही. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन सेशन मिळतात, त्यापुढे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचे परवाने विकत घ्यावे लागतात. ही मर्यादा मोडण्यासाठी विंडोजची फाइल बदलणारी साधनं सर्रास फिरतात, ती वापरू नका. ती परवान्याच्या अटी मोडतात आणि प्रत्येक अपडेटनंतर लॉगिनच बंद पाडतात.

लॉगमधले आकडे

फसलेलं लॉगिन सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ या क्रमांकाने नोंदलं जातं, झालेलं ४६२४ ने. 'लॉगऑन टाइप' ३ म्हणजे एनएलएची पहिली तपासणी, १० म्हणजे प्रत्यक्ष रिमोट सेशन. ४६२५ च्या नोंदीत स्टेटसचा लांब कोड असतो, सबस्टेटस शून्य नसेल तर तोही. शेवटची अक्षरं बघा. १५बी असेल तर युजर खरा, पासवर्ड बरोबर, पण त्या प्रकारच्या लॉगिनचा हक्क नाही. ६ए म्हणजे पासवर्ड चुकला, ६४ म्हणजे त्या नावाचं अकाउंटच नाही, २३४ म्हणजे लॉक झालं, ७२ म्हणजे अकाउंट बंद केलेलं, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, २२४ म्हणजे पासवर्ड बदलणं बाकी. टाइप ३ ला १५बी आला तर 'फ्रॉम द नेटवर्क' हा हक्क बघा, टाइप १० ला आला तर रिमोट डेस्कटॉपचा. आणि ४८२५ ही नोंद आली तर विंडोज स्वतःच सांगतं आहे की या युजरला रिमोट डेस्कटॉप नाकारलं.

सगळं बरोबर असूनही डोमेनचं लॉगिन अडत असेल तर घड्याळ बघा. पीसी आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरोस, म्हणजे डोमेनची ओळख तपासणारी पद्धत, नकार देतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला आणि रात्रीत वीज गेली की पीसी चुकीची तारीख घेऊन उठतो. सेल बदला, 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक' चालवा.

घाईत केले जाणारे तीन इलाज

पहिला, युजरला सरळ 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'मध्ये टाकणं. लॉगिन होतं, म्हणून सगळे खूश. पण आता घरच्या लॅपटॉपवरून त्या माणसाचा पासवर्ड चोरीला गेला तर चोराच्या हातात अख्खा पीसी जातो. लॉगिनला ॲडमिनपद लागत नाही. आत शिरल्यावर फोल्डर उघडत नसेल तर तो शेअर आणि एनटीएफएस परवानगीचा, म्हणजे फोल्डरच्या परवानग्यांचा, विषय आहे, तिथेच सोडवा.

दुसरा, एनएलए बंद करणं. त्याने पासवर्ड बदलण्याची खिडकी दिसते खरी, पण लॉगिनचा पडदा कुणालाही उघडा होतो. २०१९ च्या ब्लूकीपच्या त्रुटीत जुन्या विंडोजवर पासवर्डशिवाय शिरता येत होतं, आणि एनएलए चालू असलेल्या मशीनवर त्याआधी एक अडसर होता.

तिसरा आणि सगळ्यात वाईट, राउटरमध्ये ३३८९ थेट इंटरनेटला उघडणं. पासवर्ड ओळखायचे प्रयत्न सुरू होतात आणि अकाउंटं लॉक व्हायला लागतात, जे पुन्हा परवानगीच्या तक्रारीसारखंच दिसतं. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खाजगी वाट, लावा आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या आत ठेवा. सर्ट-इनच्या, म्हणजे सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात, २० एमबीच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ते मावणार नाहीत. आकार वाढवा किंवा नोंदी दुसरीकडे साठवा. आणि सगळ्यांसाठी एकच 'ऑफिस' अकाउंट ठेवू नका, मग त्या नोंदींवरून कोण शिरलं हेच कळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर पीसीवर 'जीपीअपडेट /फोर्स' चालवा आणि 'नेट लोकलग्रुप'ची यादी लगेच पुन्हा बघा. नाव टिकलं तर युजरला व्हीपीएनवरून, त्याच्या घरून, त्याच्याच लॅपटॉपवरून लॉगिन करायला सांगा. ऑफिसच्या वायफायवरून केलेली चाचणी धरू नका. तरीही तक्रार त्याच दिवशी बंद करू नका. १६ तास जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी तीच यादी पुन्हा काढा. 'आरडीपी-अकाउंट्स' त्यात दिसला की मगच बंद करा.